दार ठोठावणाऱ्यांचा इतिहास

पुण्यात प्लेगचा विषय निघाला की दोन वाक्यांत संपतो. रँडने जुलूम केला आणि चापेकरांनी त्याला उडवला. ‘२२ जून १८९७’ हा सिनेमा पाहिलेल्या माझ्या पिढीला ती रात्र तर तोंडपाठ आहे. राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा सोहळा, गणेशखिंडीच्या रस्त्यावरून परतणाऱ्या बग्ग्या, ‘गोंद्या आला रे’ची हाळी आणि मग पिस्तुलाचा बार. पण त्या रात्रीआधी नऊ महिने या मुलखात साथीवरून जे कडाक्याचं भांडण चाललं होतं, ते मात्र आपण विसरलो. ते भांडण जास्त कामाचं होतं, असं माझं मत आहे.

हे मी इतिहासाची प्राध्यापक म्हणून सांगत नाही. मी महापालिकेची परिचारिका होते. नोकरीचा बराच भाग दवाखान्यात कमी आणि लोकांच्या दारात जास्त गेला. पल्स पोलिओ, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, हिवतापासाठी बोटातून रक्त घेणं, एक ना दोन. पेठांमधले वाडे, टेकडीवरच्या वस्त्या, नव्या सोसायट्या, सगळीकडे सुरुवात एकच: दार वाजवायचं. दार उघडणाऱ्या बाईच्या नजरेतून पहिल्या क्षणाला कळतं, आपलं काम होणार की नाही. म्हणून १८९७ सालचे कागद वाचताना माझं लक्ष पिस्तुलाकडे जात नाही, उंबऱ्याकडे जातं.

गोष्ट सुरू होते मुंबईत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात तापाने माणसं पटापट मरायला लागली. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ही प्लेगची साथ आहे, असं स्पष्ट सांगितलं. आज त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर उभा आहे, पण तेव्हा त्यांचं म्हणणं कुणालाच नको होतं. मांडवी म्हणजे धान्याची कोठारं, गोदी जवळ, सगळा व्यापार तिथला. ‘प्लेग’ हा शब्द बाहेर गेला की युरोपातली बंदरं मुंबईच्या मालाला दार बंद करणार, हे व्यापाऱ्यांना कळत होतं आणि सरकारलाही. म्हणून काही दिवस ‘गाठीचा ताप’ असल्या आडवळणाच्या नावांनी वेळ मारून नेली गेली. साथ असते तेव्हा पहिला वाद नावावरून होतो, हे तेव्हापासूनचं आहे.

मग घबराट झाली आणि सरकार दुसऱ्या टोकाला गेलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला की संशयित रोग्याला सक्तीने रुग्णालयात हलवावं, लागलं तर पोलिसांकरवी. महिना सरायच्या आत गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. शहर रिकामं होऊ लागलं. कोकणात जाणाऱ्या बोटी आणि घाटावर जाणाऱ्या गाड्या भरभरून गेल्या. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती पांगली होती. गिरण्यांना मजूर मिळेनात, तेव्हा नाक्यावर उभं राहून जास्त रोजाची बोली लावायची पाळी मालकांवर आली.

त्या दिवसांतल्या वावड्या ऐकण्यासारख्या आहेत. रुग्णालयात नेलेल्या माणसाला उलटं टांगून त्याची मोमियाई, म्हणजे अंगातलं तेल, काढतात, ही एक. दुसरी अशी, की मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं, त्याचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजं मागवली आहेत. पुतळ्याला डांबर फासणारे चापेकर बंधूच होते, हे पुढे त्यांच्यातल्या दामोदरपंतांनी स्वतःच सांगितलं. लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होतं एवढंच, की गाडीतून नेलेला माणूस परत येत नाही. रोगी लपवून ठेवत, अगदी शेवटच्या घटकेला त्याला नेत, आणि तो मरे. त्या मरणातून पुन्हा वावडी खरी ठरे. पोलिओच्या डोसाने पोरांना पुढे मूल होत नाही, असं मला किती दारांत ऐकवलं गेलं! त्या बायका मूर्ख नव्हत्या. एरवी त्यांच्या गल्लीत कचऱ्याची गाडी फिरकत नव्हती, आणि एका रविवारी अचानक सरकार त्यांच्या लेकराच्या तोंडात दोन थेंब घालायला घरी आलं होतं. संशय येणारच.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात साथरोग कायदा संमत झाला. मांडल्यापासून संमतीपर्यंत जेमतेम आठवडा लागला. घाईचं कारण रुग्ण कमी आणि व्यापार जास्त. युरोपातली राष्ट्रं व्हेनिसला परिषद भरवून हिंदुस्थानातून येणारी जहाजं, माल आणि हज यात्रेकरूंचं काय करायचं ते ठरवत होती. कायद्यात कलमं चार. पहिल्यात कायद्याचं नाव. दुसऱ्याने सरकारला वाटेल ते हुकूम काढायची मुभा दिली. तिसऱ्याने हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा ठेवली. चौथ्याने सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, अशी तजवीज केली. रोग्यासाठी पाचवं कलम लिहायचं कुणाला सुचलं नाही.

त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड पुण्यात आला आणि प्लेग कमिटीचा अध्यक्ष झाला. साताऱ्याकडे असताना वाईतल्या प्रतिष्ठित मंडळींना मिरवणुकीतल्या वाजंत्र्यांवरून त्याने तुरुंगात घातलं होतं, त्यामुळे माणूस कसा आहे हे पुणेकरांना आधीच माहीत होतं. मार्चच्या मध्यावर घरझडत्या सुरू झाल्या. डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या मेजर पॅजेटच्या हाताखाली ८९३ गोरे आणि देशी शिपाई या कामावर होते. रोगी सापडला की संगमाजवळच्या सरकारी रुग्णालयात, घरचे लोक विलगीकरणाच्या छावणीत, आणि घरातलं सामान जाळायला किंवा धुवायला बाहेर. मृत्यूची नोंद झाल्याशिवाय प्रेत उचलायची बंदी.

यातली वैद्यकाची बाजू मला समजते. प्लेगची गाठ येते जांघेत किंवा काखेत. गाठ शोधायची म्हणजे अंगावरचं वस्त्र बाजूला करायला लावायचं. हेच काम चार भिंतींच्या आत, बाईने बाईचं केलं तर तपासणी होते. रस्त्यावर, चारचौघांत, बंदुकधारी परक्या पुरुषांसमोर केलं तर ती विटंबना होते. मी कुष्ठरोगाचे चट्टे शोधायला जायची तेव्हा आधी घरातल्या सासूबाईंना विश्वासात घ्यायची, मग आतल्या खोलीचं दार लावून सुनेची पाठ बघायची. चप्पल बाहेर काढायची, दिलेलं पाणी नाकारायचं नाही, पोराला नावाने हाक मारायची. हे कुठल्या पुस्तकात नसतं, पण यात कसूर झाली की पुढची दहा दारं बंद होतात. पुण्यात सोजीर बुटांसकट माजघरात आणि देवघरात शिरले. लोकांच्या तक्रारींत हा बूट पुन्हा पुन्हा येतो.

कमिटीच्या अहवालात मात्र लिहिलं आहे की शिपायांवर कडक नजर होती आणि स्त्रियांचा हेतुपुरस्सर अपमान झाल्याची विश्वासार्ह तक्रार आली नाही. हे वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. तक्रार घेणार कोण? कमिटीच. ती विश्वासार्ह की नाही हे ठरवणार कोण? तेही कमिटीच. आणि कुठल्या घरातली बाई पुढे येऊन साहेबाला सांगणार होती, की माझ्या बाबतीत काय झालं?

इथे पुण्यातल्या पुढाऱ्यांचं वागणं बघण्यासारखं आहे. टिळकांनी उपायच नकोत, असं म्हटलं नव्हतं. रोगी वेगळे ठेवायला हवेत, स्वच्छता हवी, हे त्यांना मान्य होतं. बरेच पुढारी गाव सोडून गेले असताना ते पुण्यात थांबले, हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय उभारायला पुढे झाले, छावणीत जाऊन लोकांची सोय बघितली. त्यांचा हल्ला होता तो रीतीवर, आणि ‘केसरी’तून तो आठवड्यामागून आठवडा चालू होता. सरदार नातूंनी झडत्यांमधल्या अतिरेकाबद्दल अर्ज केले. पंडिता रमाबाई धर्मांतरामुळे पुणेरी सनातन्यांच्या डोळ्यांत सलत होत्या. त्यांनीही ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांची काय आबाळ होते ते उघड मांडलं. टिळक आणि रमाबाई एका बाजूला उभे राहिले, असे प्रसंग त्या काळात विरळाच.

गोखल्यांची गोष्ट मनाला जास्त लागते. ते हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याचा आरोप जाहीर केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणी नाव द्यायला तयार होईना. गोखल्यांनी कुणाचंही नाव न सांगता बिनशर्त माफी मागितली, आणि पुण्याने त्यांना भित्रा ठरवलं. पुढच्या साथीत हेच गोखले स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामाला लागले. पुराव्याशिवाय बोलू नये हा धडा खरा. पण पुरावा देणाऱ्याला संरक्षण नसेल तर तो पुढे येत नाही, हाही धडा तेवढाच खरा.

आणि या सगळ्या वादाच्या बाहेर, हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव रोग्यांची शुश्रूषा करत होते. सावित्रीबाई मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या आणि त्यांनाच लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या, लष्करी झडत्यांना नुकतीच सुरुवात होत होती तेव्हा. सरकार आणि पुढारी यांच्यात रोग्याला कुणी न्यावं यावर वाद चालू असताना या बाईंनी त्याला उचललं होतं.

२२ जूनच्या रात्री लेफ्टनंट आयर्स्ट जागच्या जागी ठार झाला. रँड ३ जुलैला मेला. त्यानंतर प्लेगवर बोलायची सोयच उरली नाही. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’चा सवाल आपण अभिमानाने सांगतो. पण तो आला रँड मेल्यानंतर, शहरावर लादलेल्या दडपशाहीबद्दल. टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तीही प्लेगवरच्या लेखांसाठी नाही, तर १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरासाठी. नातू बंधूंना खटल्याशिवाय स्थानबद्ध केलं. दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण हे चापेकर बंधू आणि महादेव रानडे १८९८-९९ मध्ये येरवड्यात फासावर गेले. आणि प्लेग? तो वर्षअखेरीला पुण्यात परत आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मुंबईतही १८९७च्या मार्चमध्ये प्लेग कमिटी नेमली होती. तिचा अध्यक्ष जनरल गॅटेकर लष्करीच, पण त्याने जाती-जमातींच्या पुढाऱ्यांना हाताशी धरलं. त्यांची स्वतःची रुग्णालयं उघडू दिली आणि झडतीच्या वेळी मोहल्ल्यातली जाणती माणसं बरोबर घेतली. मुंबई शांत राहिली असं नाही. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात विणकरांच्या एका मुलीला न्यायला लोक आले आणि दंगल पेटली. मुंबईत घराच्या भिंतीवर गोल काढून त्यात प्लेगच्या नोंदीची तारीख लिहायची पद्धत होती. ज्या घरावर असे गोल जास्त, ते ओस. आम्हीही पोलिओच्या मोहिमेत खडूने दारावर ‘पी’ नाहीतर ‘एक्स’ लिहायचो. सगळी मुलं झाली की ‘पी’, राहिली की ‘एक्स’. आमचं पथक वळल्याबरोबर काही घरं तो ‘एक्स’ ओल्या फडक्याने पुसायची. आपल्या दारावर सरकारी खूण कुणालाच नको असते.

आता लशीकडे येऊ, कारण खरी लढाई तिथे जास्त सभ्यपणे लढली गेली. ओडेसाचे वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा खोलीत त्यांनी लस बनवली. जंतू वाढवायच्या रसात गाईचं किंवा डुकराचं मांस चालणार नाही, म्हणून बोकडाचं वापरलं. वर तुपाचे थेंब सोडले, त्या थेंबांना धरून जंतूंचे लोंबते झुबके वाढत. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. टोचलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला, मेला कुणी नाही. न टोचलेल्यांत बाराजणांना झाला, सहा गेले. कैद्याची तयारी म्हणजे कितपत तयारी, हा प्रश्न आजचा वाचक विचारेलच आणि विचारावा.

बाहेर लशीविरुद्ध आक्षेप पुष्कळ होते. मांसाच्या रसावर वाढलेली वस्तू अंगात घ्यायची का, हा धर्माचा आक्षेप. दोन दिवस ताप येतो, हात सुजतो, रोज बुडतो, हा पोटाचा. हाफकिननी सक्ती मागितली नाही. तरुण आगाखानांनी लोकांसमोर टोचून घेतली आणि खोजा जमातीतले हजारो लोक मागोमाग आले. हुबळीत, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, शहरातल्या बहुतेकांनी लस घेतली. टोचल्याचा दाखला असला की विलगीकरणातून सूट मिळे. आपल्या २०२१ सालच्या कोविड लशीच्या ‘युनिव्हर्सल पास’चा पूर्वज तो.

मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली आणि एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकमध्ये जेमतेम बुचकळून त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं. ज्याने सुई-चिमटे उकळण्यात हयात घालवली आहे, त्याला हे वाचून पोटात गोळा येतो. ठपका मात्र मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर आला. त्यांना निर्दोष ठरवायला १९०७ साल उजाडलं, तेही रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून जाहीरपणे आवाज उठवल्यावर. परळच्या या प्रयोगशाळेला त्यांचं नाव १९२५ मध्ये मिळालं. लशीवरचा विश्वास बसायला वर्षं लागतात आणि तो जायला एक बूच पुरतं.

एक गोष्ट कडवट आहे, पण सांगायला हवी. रँडच्या कमिटीला रोग पसरतो कसा हेच माहीत नव्हतं. पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षं गेली. म्हणजे चुना, कार्बोलिक, कौलं उचकटणं, लुगडी-वाकळा जाळणं हे सगळं घाणीच्या हवेला धरून चाललं होतं. उलट, घरात उंदीर पडला की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे आपल्याकडच्या खेड्यांना अनुभवाने कळलं होतं. ते शास्त्राला धरूनच निघालं. सरकारनेही शतक संपता संपता सक्तीच्या झडत्या सोडून याच मार्गाला उत्तेजन दिलं. अधिकाऱ्याची खात्री आणि अधिकाऱ्याचं ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बरोबर १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, कोविडच्या साथीत महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा पुण्या-मुंबईत लागू केला. डाव्या हातावर शाईचा शिक्का आला. दारांवर कागद लागले. आमच्या सोसायटीत एका घरावर असा कागद लागला, तर त्या घरातल्या म्हाताऱ्या जोडप्याला दूध द्यायलाही कुणी जिना चढेना. मी गेले, कारण मला त्या रोगाची भीती माणसांच्या भीतीपेक्षा कमी वाटते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याच्या खास आदेशाशिवाय असे कागद लावायचे नाहीत. लस पुण्यातच, हडपसरला तयार झाली, सावित्रीबाई जिथे गेल्या त्याच भागात. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांनाच मुंबईची लोकल उघडली. सक्ती असावी की नाही यावर घराघरांत भांडणं झाली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी बंधनं घालता येतील, पण ती प्रमाणात हवीत.

लस घ्या, असं मी आजही प्रत्येकाला सांगते, हातापाया पडून सांगते. पण बंधनांवर शंका काढणारा प्रत्येकजण अडाणी किंवा समाजद्रोही, हे मी कधी मानलं नाही. १८९७ मध्ये शंका काढणाऱ्यांत टिळक होते, रमाबाई होत्या. त्यांचं ऐकून घेतलं असतं तर गणेशखिंडीची रात्र कदाचित आलीच नसती.

तो कायदा अजून जिवंत आहे. २०२० मध्ये त्यात भर पडली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षेची, आणि ती हवीच होती. मार खाल्लेल्या सहकारी मी पाहिल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात हा कायदा अपुरा आहे, तो दुरुस्त करा किंवा नवा आणा, असं सांगितलं. नवा येईल तेव्हा त्यात ते राहून गेलेलं पाचवं कलम लिहा. बाईची तपासणी बाईने आणि आडोशाला करावी. वेगळं ठेवलेल्या माणसाला जेवण आणि बुडालेला रोज मिळावा. जाळलेल्या वस्तूची भरपाई व्हावी. आणि तक्रार ऐकणारा माणूस, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या खात्याबाहेरचा असावा. तुमचा आमदार, खासदार मतं मागायला दारात येईल, तेव्हा त्याला एवढं नक्की विचारा.